एका पेडलने दोन माणसांची नोकरी घेतली: ड्रमसेटची गोष्ट

ठेकेदार

परवा मंडळाच्या मीटिंगमध्ये यंदाच्या ऑर्केस्ट्राचा विषय निघाला. बजेट बसेना. खजिनदार म्हणाले, "ड्रमर कशाला वेगळा? ऑक्टोपॅडवाला एकटा सगळं वाजवतो." (ऑक्टोपॅड म्हणजे काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक पॅड, ड्रमचे सगळे आवाज त्यात.) सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो. नव्वदीच्या सुरुवातीला मी एका हौशी-अर्धव्यावसायिक ऑर्केस्ट्रात ड्रम्स वाजवायचो, आणि माझं स्टूल नेमकं याच वाक्याने गेलं होतं. घरी येताना मात्र हसू आलं. कारण ड्रमसेट ही वस्तू जन्माला आली तीच मुळी एका माणसाच्या पगारात तीन माणसांचं काम उरकायला. तेव्हा तक्रार तरी कुठल्या तोंडाने करायची?

एकोणिसाव्या शतकातला कुठलाही मिलिटरी बँड डोळ्यांसमोर आणा. मोठा ढोल (बेस ड्रम) एकाच्या पोटावर, खालच्या कातड्याला तारा लावलेला खणखणीत स्नेअर दुसऱ्याच्या कमरेला, झांजा तिसऱ्याच्या हातात. झांजा आणि मोठा ढोल युरोपच्या फौजांनी अठराव्या शतकात तुर्कांच्या मेहतेर या लष्करी बँडवरून उचलले. रस्त्यावरून चालत वाजवायचं तर तीन माणसं लागणारच. पण हाच बँड न्यू ऑर्लिन्ससारख्या शहरात नाचाच्या हॉलमध्ये किंवा थिएटरच्या खड्ड्यात (रंगमंचासमोरच्या वादकांच्या खोलगट जागेत) बसला, की चालायचा प्रश्न मिटला. जागा कमी आणि मालकाचा हातही आखडता. मग एकाच वादकाने ढोल शेजारी उभा करायचा, स्नेअर चक्क एका खुर्चीवर ठेवायचा आणि काठी इकडून तिकडे नाचवत दोन्ही वाजवायचे, अशी पद्धत पडली. 'डबल ड्रमिंग' म्हणत तिला. १८९८ साली इंडियानापोलिसच्या युलिसिस लीडीने स्नेअरसाठी उंची बदलता येणारा स्टँड काढला आणि खुर्ची मोकळी झाली.

ढोल मात्र अजून हातातच होता. १८९० च्या दशकात न्यू ऑर्लिन्सचा डी डी चँडलर घरी बनवलेल्या पेडलने ढोल पायाने वाजवत असे. पण सगळीकडे चाललं ते १९०९ सालचं, शिकागोच्या विल्यम लुडविगचं पेडल. रॅगटाइमची गाणी जलद, तेव्हाची पेडलं सुस्त. लुडविग स्वतः वादक होता आणि पाय मागे पडतोय ही त्याची रोजची कटकट होती. आधी लाकडाचं करून पाहिलं, मग मेव्हणा रॉबर्ट डॅनली याने धातूचं करून दिलं. त्याच वर्षी भावासोबत कंपनी काढली. ढोलवाला आणि झांजवाला, दोघे घरी गेले ते या पेडलमुळे. आणि त्या मोकळ्या झालेल्या हातांनी काय काय केलं, तेच पुढचं शंभर वर्षांचं पाश्चात्त्य लोकप्रिय संगीत.

सुरुवातीचा ड्रमर म्हणजे भंगारवाल्याची हातगाडी होती. चिनी टॉमटॉम (रंगीत, कातडं खिळ्यांनी ठोकलेलं), तुर्की झांज, लाकडी ठोकळे, गायीच्या गळ्यातली घंटा, शिट्ट्या. मूकपटाच्या थिएटरात घोड्याच्या टापांपासून आगगाडीपर्यंत सगळे आवाज त्यानेच काढायचे. या पसाऱ्याला 'ट्रॅप्स' म्हणत. १९२७ नंतर बोलपट आले आणि थिएटरांतले हे ड्रमर हजारोंनी बेकार झाले. पसारा आवरला. उरलं ते आज आपण ओळखतो त्या सेटच्या जवळचं.

आणखी एक गंमत सांगून थांबतो. १९२३ साली किंग ऑलिव्हरच्या बँडचं रेकॉर्डिंग झालं, इंडियानातल्या रिचमंड गावी. ड्रमर बेबी डॉड्स, त्या काळचा एक नंबरचा. माइक नव्हते, मोठ्या कर्ण्यात आवाज ओतायचा आणि सुई मेणात रेघ कोरायची. बेस ड्रम जोरात वाजला की सुई उडायची. म्हणून इतका मोठा वादक त्या तबकड्यांवर बराचसा लाकडी ठोकळे टकटकवताना ऐकू येतो. जॅझचे सुरुवातीचे ड्रम्स कसे वाजत होते, हे तबकड्या ऐकून पुरतं कळत नाही ते यामुळे.

बाकी तुम्ही लिहा. वाजवणारे, ऐकणारे, वैतागलेले शेजारी, सगळ्यांचं स्वागत.

झुळूक

वाखूसा (वाचनखूण साठवली)! खुर्चीवरचा स्नेअर डोळ्यांसमोर आला. एक बाळबोध प्रश्न: डाव्या पायाशी त्या दोन झांजा एकमेकींवर असतात, त्यांचं काय काम? बेस ड्रमचं पेडल उजव्या पायाशी, मग डावा पाय नुसताच हलत असतो का?

खडूस_म्हातारा

कान किटवणाऱ्या वाद्याचाही इतिहास असतो हे कळलं. धन्यवाद.

ठेकेदार

खडूसकाका, तुम्ही आलात, धागा पावन झाला. :)

झुळूक, प्रश्न बाळबोध नाही. त्याला हाय-हॅट म्हणतात. १९२० च्या दशकात आधी पायाच्या घोट्याएवढ्या उंचीवर होती, नुसती पायाने चप-चप वाजायची. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की दांडी उंच केली तर काठीनेही वाजवता येईल. दशक संपायच्या आत ती कमरेइतकी वर आली.

काउंट बेसीच्या बँडमधल्या जो जोन्सने याचं सोनं केलं. तोवर ताल धरायचा तो बेस ड्रमवर, चारही ठोके, धब धब धब धब. जोन्सने तो उचलून हाय-हॅटवर नेला. झांजा किंचित उघडायच्या, मिटायच्या. जमिनीवर आपटणारा ताल हवेत तरंगायला लागला.

पुढचं पाऊल केनी क्लार्कचं आणि तेही दमल्यामुळे. टेडी हिलच्या बँडमध्ये एक फार जलद रचना होती, पाय चारही ठोके मारून थकायचा. म्हणून त्याने ताल उजव्या हाताने मोठ्या झांजेवर (राइड) सुरू केला आणि पाय फक्त मधूनमधून, अनपेक्षित जागी, धाडकन. बॉम्ब पडल्यासारखा. १९४० च्या आसपास हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउसमध्ये रात्री जे बीबॉप (नव्या वळणाचं जलद जॅझ) शिजत होतं, त्याच्याखाली हीच चूल पेटलेली होती. ड्रमर मॅक्स रोचने तीच पद्धत इतकी पुढे नेली की ड्रमर साथ करतोय की संवाद करतोय, हे ओळखू येईना.

मांडवीकाठ

बरो विषय काडला! आमच्या गोव्याला यात जागा हवीच.

पोर्तुगीज काळात गोव्याच्या चर्चच्या शाळांत पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवत. त्यामुळे मुंबईत जॅझ आला तेव्हा कागदावरचं वाचून वाजवणारी फौज तयारच होती. १९३५ साली लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजायला आला, मग पियानोवाला टेडी वेदरफोर्ड. त्यांचं ऐकून आमचे लोक तयार झाले. हळदोण्याचा अँतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, त्यातला मोठा ट्रंपेटवाला. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त (१९५१) 'शोला जो भडके'ला तो आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतो. पुणतांब्याचा मराठी संगीतकार, हळदोण्याचा ट्रंपेट आणि मागे ड्रमसेट. मला तरी ही जोडी फार गोड वाटते.

आणि तियात्र, आमचं कोंकणी संगीत नाटक! १८९२ साली मुंबईत पहिलं झालं, तेव्हापासून कांतार (त्यातली गाणी) आणि वादक यांची गाठ सुटलेली नाही. आजही रंगमंचाखाली ट्रंपेट, सॅक्सोफोन, कीबोर्ड, बेस आणि ड्रम्स असतात. कांतारात राजकारण्याला टोला हाणला की शेवटच्या शब्दाला ड्रमरचा 'ढिश्श'. तो अर्धा सेकंद उशिरा आला तर विनोद मेला समजा. माझे एक काका वाजवायचे. सांगायचे, "ड्रमरान कान उक्ते दवरूंक जाय, हात मागीर." म्हणजे कान आधी उघडे ठेवायचे, हातांचं नंतर बघू.

ठेकेदार

मांडवीकाठ, देव बरें करूं! हिंदी सिनेमाचं यात जोडायला हवं. पारशी कावस लॉर्ड, सगळे काका म्हणायचे त्यांना. बाँगो, माराकस अशी लॅटिन अमेरिकन वाद्यं स्टुडिओत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा. त्यांचा एक मुलगा केर्सी, दुसरा बर्जोर ऊर्फ बुजी ड्रम्सवर. पंचमदांकडे फ्रँको वाझ. आणि 'तीसरी मंझिल'मध्ये (१९६६) शम्मी कपूर हॉटेलातला ड्रमर रॉकी होऊन जे वाजवल्याचा अभिनय करतो ना, त्यामागचे हात लेस्ली गोदिन्हो यांचे. शम्मीने अभिनय मात्र असा केला की निम्म्या मुंबईला ड्रमर व्हावंसं वाटलं. आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकालाही त्यातूनच वेड लागलं होतं.

बंडूनाना

लेख चांगला आहे, पण मी तबल्याचा माणूस. चाळीस वर्षं. मला एक गोष्ट पटत नाही ती मांडतो, राग नसावा.

भजनी मंडळांत, सुगमच्या कार्यक्रमांत हल्ली ड्रमसेट शेजारी ठेवतात. आठ मात्रांचा केरवा घ्या:

धा गे ना ति । न क धि ना

पाचव्या मात्रेवर, 'न'वर, 'खाली', म्हणजे तालातली बिनवजनाची जागा. तिथे बायाँ (डग्गा) उठतो. घुमारा बंद होतो, ताल क्षणभर हलका होतो, आणि म्हणून सातव्यावर 'धि' आल्यावर पुन्हा वजन येतं. केरव्याचा सगळा जीव या वर-खाली होण्यात आहे.

आता साधा ड्रम्सचा ठेका याच्यावर ठेवा. आठ मात्रा म्हणजे त्यांचे चार ठोके. पाय पहिल्याला आणि तिसऱ्याला, स्नेअर दुसऱ्याला आणि चौथ्याला. तिसरा ठोका म्हणजे आपली कुठली मात्रा? पाचवी. खाली! जिथे आम्ही घुमारा काढून घेतो, बरोबर तिथेच तो धब्ब करून ढोल घालतो. आणि आमच्या 'धि'वर, जिथे वजन हवं, तिथे स्नेअरचा कोरडा फटका. म्हणजे सगळं उलटं. श्रोत्यांना कळत नाही, पण गाणं जड झाल्यासारखं वाटतं, ते यामुळे.

आवाजाचा मुद्दा खडूसकाकांचा. माझा मुद्दा व्याकरणाचा.

झुळूक

नाना, हे मी आत्ता टेबलावर करून पाहिलं. अंगावर काटा आला. खरंच तिथेच येतो.

ठेकेदार

नाना, राग कसला, वीस वर्षांत इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. आमचा ढोलकवाला एवढंच म्हणायचा, "तिसऱ्यावर पाय उचल रे, गाणं बसतंय." का ते त्यालाही सांगता यायचं नाही. पण मी उचलायचो आणि गाणं उठायचं.

थोडी वकिली मात्र करतो. दुसऱ्या-चौथ्यावरचा तो फटका, बॅकबीट, हे वेगळं व्याकरण आहे, चुकलेलं नाही. चर्चमधल्या टाळ्यांतून, नाचातून आलेलं. न्यू ऑर्लिन्सच्याच अर्ल पामरने १९४९ साली फॅट्स डॉमिनोच्या रेकॉर्डिंगला तो अख्ख्या गाण्यात एकसारखा, ठासून वाजवला; पुढच्या रॉक अँड रोलचा तो पायाच झाला. आपला माणूस टाळी समेवर (पहिल्या मात्रेवर) देतो, त्यांचा सम सोडून देतो. दोन्हीकडे अंग हलतं, पण वेगवेगळ्या ठिकाणी. भांडण लागतं ते एकाचा ठेका न बदलता दुसऱ्याच्या गाण्यावर चढवला की. जुन्या अरेंजरांना हे ठाऊक होतं. तबला-ढोलक चालू असताना ड्रम्सवर ते बहुतेक ब्रश किंवा हाय-हॅटच ठेवायचे, बेस ड्रम इंटरल्यूडपुरता.

आणि ऐका, तुमच्याच घराण्यातले उस्ताद अल्लारखा आणि जॅझ ड्रमर बडी रिच यांनी १९६८ साली एकत्र रेकॉर्ड केलीय. बडी रिच तसा भयंकर तापट आणि स्वतःच्या हातावर गर्व असलेला माणूस. त्यात तो तुमच्या गणिताच्या मागे धावताना ऐकू येतो. तुम्हाला बरं वाटेल. :)

बंडूनाना

ऐकली आहे. बरं वाटलं होतं. :)

पंजाब घराणं त्यांचं, माझं फरुखाबाद. पण ते चालायचंच.

मिशिगन_लेकवरून

शिकागोत राहते, म्हणून लुडविगचं नाव वाचून लॉगिन केलं. आमच्या शहराने ड्रमच्या बाबतीत बरेच उद्योग केलेत. ड्रमर जीन क्रुपा इथलाच. तोवर टॉमटॉमचं कातडं खिळ्यांनी ठोकलेलं असे, सूर लावायची सोय नाही. त्याच्या आग्रहावरून स्लिंगरलँड कंपनीने (तीही शिकागोची) १९३० च्या दशकात दोन्ही बाजूंनी ताण देता येणारे टॉम काढले. बेनी गुडमनच्या बँडसोबत १६ जानेवारी १९३८ ला कार्नेगी हॉलमध्ये त्याने जो घाम गाळला, त्यानंतर ड्रमर मागच्या रांगेतून पुढे आला. तोवर ड्रमरने एकट्याने इतका वेळ वाजवायचं आणि लोकांनी बसून ऐकायचं, हे फारसं नव्हतंच.

आणि मग बीटल्सचा ड्रमर रिंगो. ९ फेब्रुवारी १९६४, एड सलिव्हनचा शो, ७ कोटी ३० लाख प्रेक्षक. बेस ड्रमच्या पुढच्या कातड्यावर बँडच्या नावाच्या वरती लुडविगचं नाव. जाहिरातीला अशी जागा कोण विकत घेऊ शकलं असतं? पोरांची दुकानांत रांग लागली. रिंगो डावखुरा, पण सेट उजव्या हाताच्या माणसासारखा लावलेला. त्यामुळे स्नेअरवरून टॉमकडे जाताना त्याचे हात वेगळ्याच क्रमाने जातात. ते रोल (सलग फटके) नक्कल करायला गेलं की चांगले चांगले अडखळतात.

अजून एक, कमी बोललं जाणारं. १९५६-५७ पर्यंत सगळे ड्रम वासराच्या कातड्याचे. पावसाळी हवा आली की कातडं सैल पडायचं, कोरड्या हवेत फाटायचं. मायलार नावाची प्लॅस्टिकची फिल्म आली आणि रेमो बेली, चिक इव्हान्स अशा मंडळींनी त्याची पानं विकायला सुरुवात केली. त्याशिवाय साठच्या दशकातला रॉकचा मारा कातड्याने सोसलाच नसता.

ताशेवाला_नारायणपेठ

पानाचा विषय निघाला म्हणून आलो. ढोल-ताशा पथकात आहे. आमच्याकडेही तेच झालं. आजोबांच्या पिढीत ताशा कातड्याचा, हलगीवाले तर वाजवायच्या आधी कागद-काड्या पेटवून शेकत बसायचे. पावसात मिरवणूक म्हणजे रडगाणं. आता ताशावर प्लॅस्टिकचं पान, ढोलालाही फायबर. भिजलं तरी वाजतंय. पण आवाजाचा दाणा गेला असं जुने लोक म्हणतात. आम्हाला तो दाणा कधी माहितीच नाही, त्यामुळे हरकत नाही.

ड्रम्सवाल्यांचा रोल आणि आमची तर्री (ताशावरची सलग फटक्यांची सर), हात सारखाच चालतो बरं का. एकदा कॉलेजच्या गॅदरिंगला ड्रमरने स्नेअर दिला होता. दोन काड्या घेऊन तर्री काढली, लोक वेडे झाले. मग तो म्हणाला, आता पाय पण हलव. तिथे माझी दांडी उडाली.

ठेकेदार

दांडी सगळ्यांची तिथेच उडते. चार अवयव, चार वेगळी कामं. पहिले तीन महिने पाय हाताचं ऐकतो, नंतरचे तीन महिने हात पायाचं.

आणि तुमच्या तर्रीवरून आठवलं. जुने ड्रमर डाव्या हातात काठी उलटी, तळवा वर करून का धरतात, माहितीय? स्नेअर पट्ट्याने खांद्याला अडकवून चालताना एका बाजूला कलायचा. डावा हात त्या कललेल्या तोंडावर नेण्यासाठी तशी पकड. सेटमध्ये बसल्यावर स्नेअर सपाट झाला, तरी पकड तशीच राहिली. चालणं संपून शंभर वर्षं झाली, हाताला अजून पत्ता नाही.

कासारआळी

अवांतर: झिल्जियनच्या उत्तम झांजा म्हणजे साधारण ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील. हे मिश्रण वाचून मला आमच्या आजीचं काशाचं ताट आठवलं, धातू जवळपास तोच. फार कथील घातलं की धातू ठिसूळ होतो, आपटलं की तडा. कमी घातलं की वाजत नाही. १६२३ पासून एकाच आर्मेनियन घराण्याकडे ही विद्या आहे, इस्तंबूलमध्ये होतं, १९२९ पासून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला. नाव 'झिल्जियन' म्हणजेच झांज करणाऱ्याचा वंशज. थोडक्यात, कासार!

ठेकेदार

'कासार अँड सन्स, इस्तंबूलवाले'. आता क्रॅश झांजेवरचा शिक्का बघितला की हेच दिसणार.

साउंडचा_संजू

स्टुडिओत काम करतो म्हणून माइकच्या बाजूने लिहितो.

बेबी डॉड्सच्या वेळी सुई उडायची, हे वाचून मजा आली, कारण ड्रम्स रेकॉर्ड करणं आजही सगळ्यात कटकटीचं. बासरीला एक माइक पुरतो. ड्रमसेटला आठ-दहा लावले तरी एकाचा आवाज दुसऱ्यात गळतो. आणि सगळ्यात गाजलेला ड्रम्सचा आवाज कसा घेतलाय? दोन माइकवर. लेड झेपेलिन या रॉक बँडचा ड्रमर जॉन बॉनम, १९७१ चा चौथा अल्बम, शेवटचं गाणं. इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात सेट जिन्याच्या पायथ्याशी, उंच प्रवेशदालनात ठेवला आणि माइक वरच्या मजल्यावरून खाली सोडले. जवळ एकही माइक नाही. ऐकू येतात ते भिंतींसकट ड्रम्स. आमच्याकडे येणारं प्रत्येक बँड म्हणतं, "तसा साउंड द्या." खोली दहा बाय बाराची, छत हाताला लागतं. कुठून देऊ?

आता धाग्याचा मूळ मुद्दा, नोकरीचा. १९८० साली दोन यंत्रं आली. रॉजर लिनचं एलएम-१, ज्यात खऱ्या ड्रमचे आवाज साठवलेले, आणि रोलंडचं टीआर-८०८, ज्यात कृत्रिम. ८०८ खऱ्यासारखं वाजत नव्हतं; जेमतेम १२,००० नग निघाले आणि ते बंद पडलं. पुढे हिपहॉपवाल्यांनी जुन्या बाजारातून स्वस्तात उचललं आणि त्याचा तो खोटा, लांब घुमणारा बेस ड्रमच हवाहवासा झाला. आज निम्म्या जगाच्या गाण्यांत तोच आहे.

आणि नोकरीपेक्षाही वाईट एक गोष्ट. १९६९ साली द विन्स्टन्स नावाच्या बँडच्या एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूच्या गाण्यात ग्रेगरी कोलमनने चार आवर्तनं, सहा-सात सेकंद, एकट्याने ड्रम्स वाजवले. तो तुकडा कापून, उलटसुलट करून हजारो गाण्यांत वापरला गेला. जंगल, ड्रम-अँड-बेस हे नाचाच्या संगीताचे प्रकारच त्यावर उभे राहिले. कोलमनला त्यातून काहीही मिळालं नाही. २००६ मध्ये वारला, हलाखीत. जेम्स ब्राउनच्या बँडमधल्या ड्रमर क्लाइड स्टबलफील्डचंही तेच. ठेक्याला सहसा मालक नसतो, गाण्याचा कायदा मुख्यतः चालीला आणि शब्दांना मानतो. पेडलने दोघांना घरी बसवलं असं ठेकेदार म्हणतात, पण निदान त्या दोघांचे हात चोरून नेऊन पुढच्या पन्नास वर्षांच्या गाण्यांना लावले तरी नव्हते.

मांडवीकाठ

शेवटचं वाक्य वाचून थोडा वेळ गप्प बसलो.

खडूस_म्हातारा

हे मात्र वाईट झालं. याला गोंगाट म्हणणार नाही.

चिंगीची_आई

सगळं वाचलं, खूप छान चर्चा. आता माझा रडका प्रश्न. मुलगी नऊ वर्षांची, ड्रम्सच शिकायचे म्हणते. आम्ही ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर, खाली एक आजी एकट्या राहतात. सोसायटीत आधीच पार्किंगवरून महाभारत. काय करू? नऊ वर्षांला पाय पोचतात का?

ठेकेदार

पाय पोचतात, छोटे सेट मिळतात, आणि स्टूल खाली घेता येतं. पण आत्ता सेट घेऊच नका. एक रबरी प्रॅक्टिस पॅड, एक जोडी काठ्या ('७ए' मागा, बारीक आणि हलक्या असतात, '५ए' नंतर). सहा महिने तेवढंच. डावा-उजवा, डावा-डावा, असे पलटे. आमच्या भाषेत रूडिमेंट्स, तबल्यातल्या कायद्यांसारखे. पॅराडिडल हा शब्द ती तुम्हाला घरात इतक्यांदा ऐकवेल की तुम्हालाही वाजवता येईल.

टिकली तर मग जाळीची पानं असलेला इलेक्ट्रॉनिक सेट, कानाला हेडफोन. इथे लोक फसतात. वरचा आवाज बंद होतो, पण पेडलचा धक्का स्लॅबमधून सरळ खाली जातो. आजींना 'टक टक' नाही, 'धब धब' ऐकू येतं. त्यावर जुगाड: दोन प्लायवूडच्या फळ्या, मध्ये अर्धे कापलेले टेनिस बॉल, वर सेट. कमी होतं. शून्य होत नाही. म्हणून त्याआधी आजींकडे एक डबा घेऊन जा आणि वेळ ठरवून घ्या.

खरा सेट वाजवताना मात्र कानात बोळे, पहिल्या दिवसापासून. मी घातले नाहीत. आता बायको हळू बोलली तर 'हं' म्हणतो आणि मग अडकतो.

बंडूनाना

चिंगीच्या आई, दोन वर्षं तबलाही शिकू द्या सोबत. ड्रम्स सोडवायला नाही सांगत. त्रिलोक गुर्टूंचं उदाहरण आहे ना डोळ्यांसमोर. शोभाताईंचा मुलगा, ठुमरीच्या घरात वाढलेला, मुंबईत तबला शिकला आणि मग सेटवर गेला. पण सेट कसा? स्टुलावर बसत नाही, जमिनीशी अर्धवट गुडघे टेकून बसतो, तबला, झांजा, ड्रम सगळं हाताशी. पाण्याच्या बादलीत झांज बुडवून स्वर वाकवतो. मी प्रत्यक्ष ऐकलंय. सुरुवातीला हसलो होतो, हे कबूल करतो. मग त्याने बोल म्हणत जे वाजवलं, त्यात खाली जिथे हवी तिथे होती.

साउंडचा_संजू

नाना, स्टुडिओत एकदा या. ड्रमर मी देतो, केरवा तुम्ही लावा, तिसऱ्याचा पाय उचलून घेऊ. रेकॉर्ड करू आणि इथे टाकू.

बंडूनाना

छत हाताला लागतं म्हणालात ना? तबल्याला चालतं. येतो.

ठेकेदार

मंडळाच्या मीटिंगचं राहिलंच सांगायचं. काल पुन्हा झाली. ऑक्टोपॅडवालाच ठरला, पैसे नाहीत त्याला कोण काय करणार. पोरगा चांगला आहे, बावीस-तेवीसचा. त्याला विचारलं, पायाला पेडल जोडतोस का? म्हणाला, "काका, किक (बेस ड्रम) पण पॅडवरच वाजवतो, पाय रिकामाच असतो." मी माळ्यावरून जुनं पेडल काढून, तेल घालून ठेवलंय. जोडायची सोय त्याच्या पॅडला आहे, ट्रिगर (पेडलचा ठोका पॅडला कळवणारा) तेवढा आणावा लागेल.

चिंगीची_आई

आजींकडे डबा पोचला. त्या म्हणाल्या, चार ते पाच वाजव, तेव्हा मी तशीही जागीच असते, आणि मला पण एकदा काठ्या दाखव म्हणावं.